मिस मार्पल आणि तिचे वाचक

अगाथा ख्रिस्ती हे नाव प्रथम कानावर पडले तेव्हा आमच्या घरातील आजींची अशी समजूत झाली होती की, हे कोणा धर्मभगिनीने लिहिलेले भक्तिपर पुस्तक असावे. अगाथा हे सिसिलीच्या हुतात्मा संत स्त्रीचे नाव, आणि आडनाव पाहावे तर साक्षात ख्रिस्ती! पुस्तकाच्या पहिल्याच प्रकरणात एका धर्मगुरूच्या घरचे जेवणाचे टेबल आले, तेव्हा आजींची खात्रीच पटली. पुढे त्याच घरातील अभ्यासिकेत एक प्रेत सापडले आणि आजींनी चष्मा काढून ठेवला. दुसऱ्या दिवशी मात्र पुस्तक पुन्हा त्यांच्याच हाती दिसले.

ख्रिस्ती हे आडनाव लेखिकेला पहिल्या पतीकडून आले. त्या अँग्लिकन पंथाच्या होत्या, कॅथॉलिक नव्हत्या. तथापि आपल्या ख्रिस्तसभेच्या इतिहासात त्यांचे नाव एका अनपेक्षित ठिकाणी नोंदलेले आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर उपासनाविधी बदलला. त्या वेळी इंग्लंडमधील अनेक लेखक-कलावंतांनी जुनी लॅटिन मिस्सा अगदीच लोपू देऊ नये असे निवेदन पोप सहावे पॉल यांना पाठविले. त्यावर अगाथाबाईंचीही स्वाक्षरी होती. 1971 साली इंग्लंड व वेल्सपुरती जी सवलत मिळाली, ती आजही ‘अगाथा ख्रिस्ती अनुमती’ या नावाने ओळखली जाते. जुन्या गोष्टींविषयी बाईंना असलेली ही ओढ त्यांच्या मिस मार्पलमध्येही पुरेपूर उतरली आहे.

ही मिस मार्पल हाच आजचा आमचा विषय. आमच्या धर्मग्रामातील काही वाचनप्रेमी मंडळी महिन्यातून एकदा एकत्र बसतात. गेले काही महिने या मंडळींनी मिस मार्पलच्या कादंबऱ्या एकामागून एक वाचल्या. त्यांवर जी मते ऐकू आली ती इतकी परस्परविरोधी होती की, सर्वांनी एकच पुस्तक वाचले आहे ना, अशी शंका आम्हास आली. त्या मतांचा परामर्श घ्यावा आणि आमचेही मत त्यांच्या शेजारी ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू. खुनी कोण, हे सांगण्याचे पातक आम्ही करणार नाही. मात्र कथानकाचा थोडाफार भाग उघड केल्यावाचून गत्यंतर नाही, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो.

प्रथम थोडी ओळख. मिस मार्पल वाचकांसमोर आली ती 1927 सालच्या एका लघुकथेतून. तिची पहिली कादंबरी ‘द मर्डर ॲट द व्हिकरेज’ 1930 साली निघाली, आणि शेवटची, ‘स्लीपिंग मर्डर’, लेखिकेच्या निधनाच्या वर्षी, 1976 साली. एकूण बारा कादंबऱ्या आणि वीस लघुकथा. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळापहाड यांच्यावर पोसलेल्या आमच्या पिढीला ही नायिका पचविणे प्रारंभी जडच गेले. हिच्यापाशी ना पिस्तूल, ना वेषांतराची पेटी. सेंट मेरी मीड नावाच्या खेड्यात एकटी राहणारी ही अविवाहित वृद्धा. हातात लोकरीचे विणकाम, दारात बाग, आणि बागकाम करता करता रस्त्यावरून कोण गेले, कोण आले, याची बिनचूक नोंद.

तिच्या पहिल्याच कथेतील एक बारीकसा प्रसंग आम्हास फार अर्थपूर्ण वाटतो. तिच्याच घरी पाहुणे जमले आहेत. भाचा रेमंड लेखक. शिवाय एक चित्रकर्ती, स्कॉटलंड यार्डचे एक निवृत्त आयुक्त, एक धर्मगुरू आणि एक वकील. प्रत्येकाने एकेक न सुटलेले कोडे सांगावे असे ठरते. चित्रकर्ती डोकी मोजते आणि आपण पाचच आहोत, सहा हवे होते, असे म्हणते. तेव्हा कोपऱ्यात विणत बसलेली यजमाणीण सौम्यपणे सांगते की, तू मला मोजायला विसरलीस. मोजणीतून सुटलेली ही सहावी व्यक्तीच पुढे सगळी कोडी सोडविते. पुढल्या जवळजवळ अर्ध्या शतकाच्या लेखनाचे बीज या एका क्षणात आहे असे आमचे मत झाले आहे. ते का, हे पुढे येईलच.

आता वाचकांची मते. पहिला आक्षेप एका निवृत्त शिक्षिकेने घेतला. त्यांच्या मते मिस मार्पल ही निव्वळ चहाडखोर बाई आहे. सगळ्या गावाविषयी वाईट तेच मनात आणायचे, आणि ते खरे ठरले की त्याला बुद्धिमत्ता म्हणायचे! दुसऱ्याविषयी निवाडा करू नका, ही शिकवण मुलांना देणाऱ्या घरांत अशा पुस्तकांचे कौतुक कशासाठी?

हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. लेखिकेने आपल्या आत्मचरित्रात मोकळेपणाने सांगितले आहे की, आपली आजी आनंदी वृत्तीची असूनही प्रत्येकाकडून वाईटाचीच अपेक्षा ठेवी आणि बहुधा तिचेच खरे ठरे. हा गुण आपण मिस मार्पलला दिला. पहिल्या कादंबरीचा निवेदक स्वतः गावचा धर्मगुरू आहे. अँग्लिकन रीतीप्रमाणे तो विवाहित. त्याच्या घरी गावातील प्रौढ स्त्रियांची चहाची बैठक भरते, तेव्हा चहापेक्षा चुगल्यांचेच घुटके अधिक घेतले जातात, आणि त्या बैठकीत मिस मार्पल सर्वांत धोकादायक गणली जाते. या पहिल्या कादंबरीतील मिस मार्पल आम्हासही फारशी आवडत नाही. तिच्यात धार आहे, ऊब नाही.

परंतु पुढील पुस्तके वाचीत गेलो की एक भेद लक्षात येतो. चुगलखोराला गोष्ट सांगून झाली की त्याचे काम संपते. ती खरी की खोटी याच्याशी त्याला कर्तव्य नसते. मिस मार्पलचे काम तेथून सुरू होते. कोणा बाईने बाजारातून आणलेली सोललेली कोळंबी वाटेत कुठे नाहीशी झाली, अशा क्षुल्लक घटनेवरूनही माणसाच्या वागण्याचा नमुना ती ध्यानात ठेवते, आणि मोठ्या गुन्ह्यात तोच नमुना ओळखते. खेड्यात राहणाऱ्या आपणांस हे काही नवीन नाही. आपल्या गावातही कोणाची गाय कोणाच्या वाडीत शिरली यावरून दोन घरांचा तीन पिढ्यांचा इतिहास सांगणाऱ्या आजी असतातच.

शिवाय केवळ संशय हाच तिचा स्थायीभाव असता तर ‘4.50 फ्रॉम पॅडिंग्टन’ ही 1957 सालची कादंबरी लिहिलीच गेली नसती. नाताळची खरेदी आटोपून आगगाडीने परतणारी एक वृद्ध स्त्री शेजारून समांतर धावणाऱ्या गाडीच्या खिडकीत पाहते, तो एक पुरुष एका स्त्रीचा गळा दाबतो आहे. तिला त्याची पाठ तेवढी दिसते. क्षणात ती गाडी पुढे निघून जाते. तिकीट तपासनीसाला वाटते की म्हातारीला डुलकी लागली असावी. पोलीस शोध घेतात; प्रेत कोठेच सापडत नाही, आणि प्रकरण मिटते. विश्वास ठेवते ती एकटी मिस मार्पल. का? तर आपल्या या मैत्रिणीला कल्पनाशक्ती म्हणून नाहीच, तेव्हा ती असले काही मनाने रचणे शक्य नाही, हे तिला ठाऊक आहे! माणसे ओळखण्याच्या ज्या सवयीमुळे ती गावावर संशय घेते, त्याच सवयीमुळे ती मैत्रिणीवर विश्वास ठेवते. जिचे कोणी ऐकत नाही अशा स्त्रीची साक्ष खरी मानून ती कामाला लागते. ही चहाडी खचितच नव्हे.

दुसरा आक्षेप पोलीस खात्यात आयुष्य घालविलेल्या एका गृहस्थांचा. त्यांनी हातातील पेन्सिलीने पुस्तकाच्या समासात खुणाच करून ठेवल्या होत्या. त्यांचे म्हणणे असे की, या बाईंचा पुरावा कोणत्याही न्यायालयात पाच मिनिटेसुद्धा टिकणार नाही. शेवटी काहीतरी सापळा रचायचा, आणि गुन्हेगाराने घाबरून आपणहून कबुली द्यायची. वकील मिळाला असता तर निम्मे खुनी सुटले असते!

यावर आम्ही निरुत्तर आहोत. हे वैगुण्य खरेच आहे. एका कादंबरीत तर सापळ्यासाठी एका तरुण मुलीला, तिच्या संमतीने का होईना, जिवाच्या धोक्यात लोटले जाते. तेथे मिस मार्पलच्या शहाणपणापेक्षा लेखिकेची सोय अधिक दिसते. मात्र त्याच गृहस्थांनी जाता जाता एक गोष्ट कबूल केली, ती येथे नमूद करणे न्याय्य होईल. गुन्ह्याच्या जागी ज्या मोलकरणी, स्वयंपाकिणी, शेजारणी असतात त्यांना नीट विचारले असते तर आमची कितीतरी प्रकरणे लवकर सुटली असती, असे ते म्हणाले.

तिसरे मत कचेरीत नोकरी करणाऱ्या एका तरुणीचे. ‘ही बाई आयुष्यभर पुरुष अधिकाऱ्यांच्या मागे मागे का राहते? श्रेय त्यांना का देते? आम्हाला हिच्यात काय सापडणार?’ असे तिने रागाने विचारले. उत्तर आमच्याऐवजी तिच्याच आईने दिले. तिने मुलीच्या हाती वर उल्लेखिलेली आगगाडीची कादंबरीच दिली. तीत वयोमानामुळे मिस मार्पलला स्वतः प्रेत शोधीत हिंडणे शक्य नाही. ती त्याच गाडीने पुन्हा प्रवास करते, नकाशा पाहते, रुळांच्या वळणावर प्रेत कोठे फेकता येईल याचा अंदाज बांधते, आणि त्या जागेला लागून असलेल्या वाड्यात लूसी आयलसबॅरो या तरुणीला कामाला पाठविते. ही लूसी ऑक्सफर्डची गणितातील प्रथम वर्गाची पदवीधर. घरकामाला माणसे मिळत नाहीत हे हेरून तिने तोच व्यवसाय पत्करला आहे, आणि ती भरभक्कम मोबदला घेऊन श्रीमंतांची घरे चालविते. ती स्वयंपाक करते, चांदीची भांडी घासते, आणि फावल्या वेळात प्रेत शोधते. ते तिला सापडतेही. एकीचे डोके, दुसरीचे पाय. दोघींच्या वयात दोन पिढ्यांचे अंतर. पुढील बैठकीत ती तरुणी म्हणाली की लूसीवर बाईंनी आणखी पुस्तके लिहायला हवी होती. या मताशी आम्ही पूर्ण सहमत आहोत.

वयस्कर वाचकांची आवड वेगळीच. त्यांना 1962 सालची ‘द मिरर क्रॅक्ड फ्रॉम साइड टू साइड’ जवळची वाटते. डॉक्टरांनी बागकाम बंद केले आहे, विणताना टाके सुटतात, सोबतीला ठेवलेली बाई लहान मुलाशी बोलावे तशी बोलते, आणि गावाबाहेर नवी वसाहत उभी राहून ओळखीचे जग बदलत चालले आहे. मिस मार्पल त्या सोबतिणीला युक्तीने बाहेर पाठवून एकटीच नवी वसाहत पाहायला निघते. हा प्रसंग वाचताना आमच्या आजींनी पदराने डोळे पुसले, ते हसून की रडून, हे आम्ही विचारले नाही.

चौथा आक्षेप अधिक गंभीर. एका आईने विचारले, ‘ही बाई प्रार्थनामंदिरात जाणारी, आणि खुनी फासावर जाणार म्हणून तिला समाधान कसे वाटते?’ 1942 सालच्या ‘द बॉडी इन द लायब्ररी’मध्ये अवघ्या सोळा वर्षांच्या एका शाळकरी मुलीचा बळी जातो. चित्रपटात काम देण्याच्या आमिषाने तिला नेलेले असते. त्या कादंबरीच्या अखेरीस मिस मार्पल फाशीविषयी जे बोलते त्यात दयेचा लवलेश नाही. 2018 साली पोप फ्रान्सिस यांनी धर्मशिक्षण ग्रंथातील या विषयावरचा परिच्छेद बदलला, आणि देहदंड कोणत्याही परिस्थितीत ग्राह्य नाही, अशी शिकवण स्पष्ट केली. तेव्हा आजच्या कॅथॉलिक वाचकाला ते पान खटकले तर ते योग्यच आहे, आम्हासही खटकते.

तथापि लेखिका त्या जागी थांबून राहिली नाही. ब्रिटनमध्ये खुनासाठी फाशीची शिक्षा 1965 साली स्थगित झाली आणि 1969 साली रद्द झाली. त्यानंतर दोनच वर्षांनी, 1971 साली, ‘नेमेसिस’ आली. बाईंनी लिहिलेली मिस मार्पलची अखेरची कादंबरी ती हीच. ‘स्लीपिंग मर्डर’ नंतर प्रसिद्ध झाली असली तरी ती पुष्कळ वर्षे आधी लिहून ठेवलेली होती. ‘नेमेसिस’मध्ये एक मृत धनिक मिस मार्पलवर एक काम सोपवून जातो, आणि काम कोणते हे मात्र सांगत नाही. शोध घेता घेता ती पोचते तुरुंगात वर्षानुवर्षे खितपत पडलेल्या एका तरुणापर्यंत. कोणाला फासावर चढवावे हा येथे प्रश्नच नाही. एका मुलीच्या खुनासाठी डांबलेला हा मनुष्य खरोखर दोषी आहे काय, हा प्रश्न आहे. तो पूर्वीच फासावर गेला असता तर मिस मार्पलच्या साऱ्या बुद्धीचा उपयोग शून्य झाला असता. असे व्याख्यान लेखिका देत नाही. पण वाचकाने दोन्ही कादंबऱ्या शेजारी ठेवल्या की ते त्याला आपोआप उमगते.

आता शेवटचे मत. ते ज्यांनी मांडले त्या मावशी आमच्या मंडळात सहसा बोलत नाहीत. तरुणपणी त्या मुंबईत एका मोठ्या घरी राहून घरकाम करीत. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही. त्यांची नात रोज रात्री जपमाळेनंतर त्यांना पुस्तक मराठीत सांगे. त्या म्हणाल्या, ‘मला ती ग्लॅडिसची गोष्ट आवडली. पण शेवट नको होता.’

ही गोष्ट 1953 सालच्या ‘अ पॉकेट फुल ऑफ राय’मधील. एका धनाढ्य कुटुंबात विषप्रयोगाने मृत्यू घडतात, आणि त्या गडबडीत ग्लॅडिस ही मोलकरीण कपडे वाळत घालण्याच्या दोरीपाशी मरून पडलेली सापडते. तिचा गळा आवळलेला आहे, आणि तिच्या नाकाला कपड्यांचा चिमटा लावून ठेवलेला आहे. एका जुन्या इंग्रजी बालगीताशी मेळ जुळावा म्हणून खुन्याने केलेली ही थट्टा. घरातील लोक मालकाच्या मृत्यूविषयी, मृत्युपत्राविषयी, पैशांविषयी बोलत राहतात. ग्लॅडिसविषयी बोलायला कोणी नाही. ती अनाथालयातून आलेली. तिला घरकामाचे वळण मिस मार्पलनेच लावलेले असते. वर्तमानपत्रात बातमी वाचून ही वृद्धा गाडी बदलत बदलत त्या अनोळखी वाड्याच्या दारात येऊन उभी राहते. तिला बोलावलेले कोणीच नाही, आणि श्रीमंत मालकाचा खून उलगडण्यासाठीही ती आलेली नाही. तो चिमटा तिला सहन झालेला नाही. मेलेल्या मुलीची विटंबना करण्याचा अधिकार कोणाला नाही, हा संताप तिला तेथे घेऊन आला आहे.

मावशी म्हणाल्या, ‘मी ज्या घरी होते तिथे मी मेले असते तर कोण आले असते?’ त्या प्रश्नानंतर थोडा वेळ कोणीच बोलले नाही.

आमच्या मते या साऱ्या मालिकेचे मोल येथे आहे. कोडी पुष्कळांनी रचली, आणि मिस मार्पलच्या कोड्यांपेक्षा चतुर कोडी खुद्द अगाथाबाईंनीच अन्यत्र रचली आहेत. पण मोजणीतून वगळलेल्या माणसाला मोजणे, हे मिस मार्पलने जितक्या सातत्याने केले तितके रहस्यकथेत क्वचितच झाले असेल. पाहुण्यांच्या गणतीत जी स्वतः सहावी म्हणून सुटली होती, तिलाच गळा आवळलेल्या मोलकरणीची, डुलकी लागली म्हणून हिणवलेल्या म्हातारीची आणि विस्मरणात गेलेल्या कैद्याची आठवण राहते.

आणि तरीही मावशींचा आक्षेप उरतोच. कादंबरीच्या अखेरीस मिस मार्पल घरी परतते, तो ग्लॅडिसने मरणापूर्वी लिहिलेले, उशिरा पोचलेले पत्र तिची वाट पाहत असते. सोबत एक छायाचित्र. ‘मी काय करू?’ असे त्या भोळ्या मुलीने विचारलेले असते. मिस मार्पलच्या डोळ्यांत पाणी येते. मग राग येतो. आणि सर्वांत शेवटी, त्या दोहोंना बाजूस सारून, आपला तर्क खरा ठरल्याचा विजयानंद. तो आनंद मावशींना नको होता. ‘रडली होती तिथंच पुस्तक मिटायला हवं होतं,’ असे त्यांचे शब्द.

आम्ही यावर पुष्कळ विचार केला. लेखिकेच्या बाजूने असे म्हणता येईल की, तिने आपल्या नायिकेला संत केले नाही. बुद्धीचा अहंकार तिच्यात राहू दिला, आणि तो लपविलाही नाही. परंतु एवढ्याने समाधान होत नाही. याच कादंबरीत ग्लॅडिसच्या भोळसटपणाची, तिच्या दिसण्याची, सतत चोंदलेल्या नाकाची थट्टा लेखिकेने केलेली आहे, आणि तीही मिस मार्पलच्या तोंडून. ‘अ मर्डर इज अनाउन्स्ड’मधील परदेशातून आश्रयाला आलेल्या मिट्झी या स्वयंपाकिणीच्या वाट्यालाही बहुधा हसूच येते, युद्धात आपल्या घरादारावर काय ओढवले हे ती सांगू लागली की सारे कंटाळतात. मालकाच्या खुर्चीत बसून मोलकरणीकडे पाहण्याची सवय अगाथाबाईंची पूर्णपणे सुटली नाही. ग्लॅडिसच्या अखेरच्या पत्रापाशी ती सुटू पाहते, आणि विजयाच्या त्या वाक्यात पुन्हा परत येते. तो सल मावशींनी अचूक ओळखला. बारा कादंबऱ्या वाचून आम्हाला जे दिसले नव्हते, ते त्यांना एक कादंबरी ऐकून दिसले.

तेव्हा ही पुस्तके आपल्या घरांत असावीत काय? असावीत, असे आम्ही निःशंकपणे म्हणतो. रक्तपाताची वर्णने त्यांत जवळजवळ नाहीत, आणि गुन्ह्याचे उदात्तीकरण मुळीच नाही. नवख्या वाचकाने आगगाडीच्या कादंबरीपासून आरंभ करावा, मग ग्लॅडिसची कथा घ्यावी, आणि ‘नेमेसिस’ शेवटी ठेवावी. ज्यांना वाचनाचा कंटाळा असेल त्यांनी बी.बी.सी.ने 1984 ते 1992 या काळात काढलेली दूरदर्शन मालिका मिळवून पाहावी. तीत जोन हिक्सन यांनी साकारलेली मिस मार्पल आम्हास पुस्तकातल्याइतकीच खरी वाटते. शक्य तर पुस्तक एकट्याने न वाचता घरात मोठ्याने वाचावे, आणि ज्यांना इंग्रजी येत नाही त्यांना आपल्या भाषेत सांगावे. त्यांचे मत अवश्य विचारावे. आमच्या मंडळाच्या पुढील बैठकीत मावशी पहिल्या रांगेत बसणार आहेत, आणि ‘नेमेसिस’ ऐकवायला नातीने सुरुवातही केली आहे.